हलता हात आणि अर्धा इंची पाइप

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो. मी पीत नाही. आज नाही, काल नाही, कधीच नाही.

संपादकसाहेबांनी फोनवर सांगितलं, "किसनराव, लग्नाच्या शूटिंगमधल्या गमतीजमती लिहा. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं." बरं. गमती आहेत, त्याही येतील. पण पालम, गंगाखेड, मानवत या पट्ट्यात ज्यांच्या ज्यांच्या लग्नात मी कॅमेरा घेऊन उलटा चाललो, त्यातले निम्मे लोक हा अंक उघडून म्हणतील, "अरे, हा तर तो बेवडा फोटोवाला!" पहिलं वाक्य त्यांच्यासाठी आहे. नीट वाचा आणि मग पुढं या.

आमच्या धंद्याचं लोकांना फार सोपं वाटतं. बटण दाबलं की झालं! नवरदेव घोड्यावर, पुढं बँजो, पुढं नाचणारी पोरं, आणि या सगळ्यांच्या पुढं तोंड त्यांच्याकडं करून उलटा चालणारा कॅमेरावाला. मागं नाली आहे की बैल बांधलाय की जनरेटरची वायर आडवी पडलीय, हे त्याला पाठीनं ओळखावं लागतं. एवढं करून घरी गेल्यावर पिक्चर स्थिर दिसला पाहिजे. चालताना माणसाचं अंग वरखाली होतंच, ते डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. म्हणून चांगला कॅमेरावाला कोपर पोटाशी धरतो, गुडघे जरा वाकवतो, पावलं घासत टाकतो आणि श्वास रोखतो. मी हे सगळं करायचो. लोक म्हणायचे, किसनदादाच्या हातचा पिक्चर म्हणजे पाण्यावरची होडी.

मग माझा उजवा हात हलायला लागला.

एकदम नाही. आधी चहाचा कप बशीवर वाजायला लागला. मग हार घालतानाचा जवळचा शॉट धरला की चौकट थरथरायची. मी कडक चहा सोडला, जागरण कमी केलं. हात हलायचा तो हललाच. आणि एक दिवस गंगाखेडचा एक नवरीचा बाप, साखर कारखान्यात नोकरीला होता, पेनड्राइव्ह घेऊन माझ्या दुकानात आला. चार गिऱ्हाइकं बसलेली. त्यानं तो पेनड्राइव्ह काउंटरवर आपटला.

"आमची आई टीव्हीवर लग्न बगायला बसली आन् तिला चक्कर आली. किती लावून आला होता तुमी त्या दिवशी?"

मी म्हणालो, "अहो, मी घेत नाही."

"समदे असंच म्हणतेत," तो म्हणाला आणि गेला.

बस, एवढंच. पण तालुक्याचं गाव केवढं असतं? आठवडाभरात बाजारात, एसटी स्टँडवर, विहारात गोष्ट पोचली. माझी बायको सुमन बोअरवर पाण्याला गेली तर बायका विचारायला लागल्या, "भाऊजी आजकाल लय घेतेत म्हणं?" सुमन घागर तिथंच ठेवून घरी आली. संध्याकाळी म्हणाली, "मी त्यांना काय काय सांगू? तुमचं तोंड हुंगायला बोलवू का सगळ्यांना?"

मला राग कशाचा आला सांगू? माझ्या पिक्चरला नावं ठेवली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पिक्चर खराब होता. पण आमच्या घरात दारूचा थेंब आला नाही. माझा बाप लक्ष्मण, शेतमजूर माणूस. लहानपणी आजोबांच्या बोटाला धरून दीक्षेला गेला आणि तिथं घेतलेलं पाचवं शील त्यानं मरेपर्यंत पाळलं. आणि मी? मी तर हे शील जितक्या वेळा म्हटलंय तितक्या वेळा एखाद्या भंतेजींनी म्हटलं नसेल. आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात वधूवर पांढऱ्या कपड्यात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभे राहतात, बौद्धाचार्य त्रिशरण पंचशील सांगतात, सगळा मंडप मागं म्हणतो. माझे हात कॅमेऱ्यात अडकलेले, जोडता येत नाहीत, पण तोंडानं मी दर वेळी म्हणतो. मादक पदार्थांपासून दूर राहीन. सगळ्या जिल्ह्यात हे वचन सगळ्यात जास्त वेळा देणारा माणूस बेवडा!

परभणीला डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मला कागदावर गोल काढायला लावला. गोल कसला, कंगोरेच कंगोरे. म्हणाले, "घाबरू नका. हा मोठा आजार नाही. हा नुसता कंप आहे, बहुतेक वेळा घराण्यातून येतो. वडिलांचा हात हलायचा का?"

वडिलांचा हात हलायचा. जयंतीच्या दिवशी मेणबत्ती लावताना काडी हलायची, वातीला लागायचीच नाही, आणि मागं उभे असलेले लोक हसायचे. "लक्षिमन सकाळीच लावून आला वाटतं." मी पोरगा होतो, मी ते ऐकलेलं आहे. बाप दुसरी काडी ओढायचा. तो तसाच गेला. आणि डॉक्टर मला आता विचारत होते.

त्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थोडा फरक पडला, पूर्ण नाही. आणि निघताना त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. म्हणाले, "एक लक्षात ठेवा. दारू घेतली की हा कंप थोडा वेळ थांबतो. म्हणून काही लोक सुरू करतात आणि मग अडकतात. उतरली की जास्त हलतो. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका."

कळलं का? लोक म्हणत होते, हा पितो म्हणून हात हलतो. खरं असं, की मी पीत नव्हतो म्हणून हलत होता!

माझा जोडीदार बालाजी, मोठ्या लग्नात दुसरा कॅमेरा तो धरतो, त्याला हे आधीपासून माहीत होतं. त्याला कंपबिंप काही नाही. तो गाडीत बसून एक घोट घ्यायचा, वरून बडीशेप खायचा आणि दिवसभर दगडासारखा हात घेऊन फिरायचा. मला म्हणायचा, "दादा, औषध म्हणून घ्या की. कोण बगायलंय?" लोक त्याला म्हणत, बालाजी लय सरळ पोरगा.

तर हात थांबणार नाही, आणि घोट घेणार नाही, म्हणजे कॅमेरा हातापासून सोडवायला पाहिजे. कॅमेरा स्थिर धरणारा मोटरवाला गिंबल भाड्यानं आणून बघितला. यंत्र छान आहे, नाव ठेवणार नाही. पण मानवतच्या एका लग्नात अक्षता पडल्या. आपल्याकडं अक्षता ज्वारीच्या, रंगवलेल्या, आणि लोक त्या नवरानवरीवर टाकत नाहीत, जिथं हात जाईल तिथं फेकतात. एक दाणा मोटरीच्या फटीत बसला आणि कॅमेरा मान टाकून खाली बघायला लागला. सगळ्या मंगलाष्टका मी नवरदेवाच्या बुटाच्या काढल्या. तेव्हाच ठरवलं की ज्यात मोटर नाही, असं काहीतरी आपलं आपण करायचं.

गंगाखेडला मुजीबभाईचं हार्डवेअरचं दुकान आहे. मी तिथं जाऊन अर्धा इंची पाइप, फ्लँज, टोकाची कॅप, मूठभर वायसर असं एकेक मागायला लागलो. मुजीबभाई म्हणाले, "दादा, शादी का फिल्लम निकालते की नल जोडते?" मी चिडून सगळं सांगितलं, हातासकट. ते ऐकून म्हणाले, "गुस्सा कायकू करते? बैठो," आणि गल्ल्यावरून उठून माझ्याबरोबर खोकी उचकायला लागले.

गोष्ट साधी आहे. सरळ खांब घ्यायचा. वरच्या टोकाला कॅमेरा, खालच्या टोकाला वजन. तराजूची दांडी उभी केली असं समजा. आणि मूठ खांबाला घट्ट बसवायची नाही, तिथंच तर सगळी मेख आहे. मूठ आणि खांब यांच्यामध्ये असा सांधा पाहिजे, की हात कसाही हलला तरी खांबाला खबर लागू नये. तो सांधा आम्हाला गॅरेजवाल्याकडं मिळाला. पान्याच्या सेटमध्ये कुठंही वळणारा एक तुकडा असतो, तो. खांब गोल फिरावा म्हणून छताच्या पंख्याची बेअरिंग बसवली. बेअरिंग आणि सांधा डिझेलमध्ये धुऊन शिलाई मशीनचं तेल सोडलं. मूठ सायकलच्या हँडलची.

पहिला नमुना लोखंडी जीआय पाइपचा केला, तो इतका जड झाला की मनगट सुजलं. मग अॅल्युमिनियमचा पाइप घेतला. खाली वायसर बांधले तर ते वाजायचे, आणि वधूपित्याच्या रडण्याच्या मागं टिणटिण ऐकू यायचं. शेवटी टायरवाल्याकडून शिशाचे तुकडे आणले, ते पाइपच्या पोटात भरले, हलू नयेत म्हणून मधे कापूस ठासला आणि खालून कॅप लावली. वजन जास्त झालं तर खांब झोके खातो, कमी झालं तर कॅमेरा डोक्यावर पडतो. आडवा धरून सोडला की सावकाश उभा राहिला पाहिजे, घाई न करता. तिथपर्यंत यायला माझा सगळा उन्हाळा गेला.

पहिला नीट पिक्चर निघाला तो सुमनचा. ती बादली घेऊन गल्लीतून चालली होती, मी मागून गेलो. घरी टीव्हीवर लावलं. हात माझा तसाच हलत होता, पण पिक्चर नाही. सुमन बराच वेळ बघत राहिली. "मी अशी चालते व्हय?" म्हणाली, आणि मग, "आता बोअरवर घेऊन जाते हे."

पुढचे दोन हंगाम बरे गेले. पाइपकडं बघून लोक हसायचे. कुणी विचारायचं, "दादा, आमचा बी नळ गळायलाय." मी हसून घ्यायचो. पिक्चर बोलत होता, मला बोलायची गरज नव्हती. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. पिक्चर चांगला आला तर म्हणायचे, "आज शुद्धीत होता वाटतं."

आता पालमचं लग्न सांगतो. त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय.

लग्न आमच्याच समाजातलं. नवरीचे मामा आबासाहेब, विहाराच्या कमिटीवरचे, शब्दाला वजन असलेले. बालाजी दुसरा कॅमेरा घेऊन स्टेजवर होता. मी मंडपामागं टेम्पोच्या आडोशाला तयारी करत होतो. लहान लेन्स लावली होती, म्हणजे वरचं वजन कमी झालं, म्हणजे खालचंही कमी करायला पाहिजे. कॅमेरा काढून ठेवला, कॅप उघडली, थोडं शिसं आणि त्याच्याबरोबरचा कापूस काढला. कापसाची तुसं आट्यांत अडकली. ती निघावीत म्हणून पाइप तोंडाला लावला आणि जोरात फुंकर मारली. एकदा नाही, दोनतीनदा.

हे आबासाहेबांनी लांबून पाहिलं. टेम्पोच्या आड उभा असलेला माणूस, ज्याच्याबद्दल अख्खा तालुका बोलतो, तो पाइप तोंडाला लावतोय. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही संशय आला असता, इथपर्यंत मी मान्य करतो. पण मी बाजूला बोलावून विचारलं असतं.

लग्न सुरू झालं. वधूवर उभे राहिले, मेणबत्त्या लागल्या, मंडप उठून उभा राहिला. मी पाइप धरून सावकाश नवरीच्या बाजूनं सरकत होतो आणि सगळ्यांबरोबर शील म्हणत होतो. पाचवं शील तोंडात असतानाच मागून आवाज आला.

"थांबवा! आधी याला भाईर काढा! हा पिऊन आलाय!"

आबासाहेब पुढं आले आणि त्यांनी माझ्या पाइपचं खालचं टोक धरलं. "समद्या लोकायनू, ह्या पाइपात दारू हाय. मी माज्या डोळ्यानं ह्याला पिताना बगितलं. आन् वर तोंडानं शील म्हणायलाय!"

मी "आबासाहेब, कॅमेरा पडंल" म्हणेपर्यंत त्यांनी कॅप फिरवून काढली. शिशाचे तुकडे खडखड करत खाली पडले, कापसाचे बोळे गळले, आणि खालचं वजन गेल्याबरोबर कॅमेरा गर्रकन उलटा झाला. मी दोन्ही हातांनी तो कसाबसा पोटाशी धरला. आबासाहेब वाकून पाइपचं तोंड हुंगायला लागले.

"वास येतोय!" ते ओरडले. मग पुन्हा हुंगलं. "डिझेलचा हाय."

पुढच्या खुर्च्यांत सोजरआजी बसली होती. आमच्याच मूळ गावची, नवरीची लांबची आजी. ती मोठ्यानं म्हणाली, "डिझेल पितोय व्हय? मग त्यो माणूस हाय का ट्याक्टर?"

मंडप फुटला. पोरं खुर्च्यांवर पडून हसली. स्टेजवर नवरीसुद्धा हसली. आबासाहेबांचं तोंड लाल झालं, पण माघार घेतील ते कुठले? "हसू नका! मग मगाशी तोंडाला काय लावलं होतं? आन् हात बगा त्याचा, हात! कसा लटलट हालायलाय!"

हात खरंच हलत होता. रागानं आणखी हलत होता. सगळा मंडप माझ्या हाताकडं बघत होता. आणि माझं डोकं फिरलं. मी इतकी वर्षं ज्यांच्या लग्नात तोंड मिटून उलटा चाललो, त्या सगळ्यांना मी त्या दिवशी सरळ तोंड करून बोललो.

"बघा. नीट बघा हात. कापूस निघावा म्हणून पाइपात फुंकलं, तो कापूस तुमच्या पायाशी पडलाय. आणि हात हलतो, कारण हा आजार आहे, घराण्यातून आलेला. डॉक्टरला विचारा, दारू घेतली की हा हात थांबतो. एक घोट घेतला असता ना आबासाहेब, तर तुमच्या भाचीच्या लग्नात हा हात दगडासारखा राहिला असता आणि तुम्ही मला शाबासकी दिली असती. मी घेत नाही म्हणून तो हलतोय. घेत नाही म्हणून हा पाइप घेऊन फिरतोय. अजून काय हुंगायचं ते हुंगा!"

मी खाली बसलो आणि शिशाचे तुकडे वेचायला लागलो. ते बोटांतून निसटायचे. बालाजी स्टेजवरून उतरून माझ्याशेजारी बसला आणि खाली मान घालून वेचू लागला. त्याचा हात अगदी स्थिर होता आणि तोंडाला बडीशेपेचा वास होता. एक शब्द बोललो असतो तर सगळा मंडप त्याच्याकडं वळला असता. नाही बोललो. जे माझ्याबरोबर झालं ते दुसऱ्या कुणाबरोबर माझ्या तोंडून व्हायला नको होतं.

तेवढ्यात सोजरआजी काठी टेकत आली. माझ्यासमोर उभी राहिली. हसणं गेलं होतं तिचं.

"तू लक्षिमनचा ल्योक न्हवं का रं?"

"हो आजी."

"त्याचा बी हात असाच हालायचा. मेनबत्ती लावताना. आमी लय हसायचो रं त्याला. मग... तो बी पीत नव्हता का?"

मी हातातलं शिसं खाली ठेवलं.

"न्हाई आजी. कधीच न्हाई."

तिनं माझा हलणारा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तशीच उभी राहिली. बौद्धाचार्यांनी घसा साफ करून पाचवं शील पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतलं. मंडप पुन्हा उभा राहिला. माझा हात आजीच्या हातात होता, आणि मी म्हणत होतो.

आबासाहेबांनी माफी मागितली का? छे! जेवताना माझ्या ताटात जिलब्या जास्त वाढायला सांगितल्या. त्यांच्या हिशोबानं विषय मिटला. मी त्या जिलब्या तशाच ठेवून उठलो. अन्न टाकू नये, मला कळतं, पण त्या जिलब्या माझ्या घशाखाली गेल्या नसत्या. आजही रस्त्यात दिसले की "जय भीम किसनराव" म्हणतात, मी "जय भीम" म्हणतो, आणि ते पुढं निघून जातात. चारचौघांत ओरडायला त्यांना माणूस मिळतो, चारचौघांत "चुकलो" म्हणायला मिळत नाही.

नवरीच्या घरच्यांनी सांगितलं, "दादा, तेवढा भाग काढून टाका, बरं दिसत नाही." त्यांच्या पेनड्राइव्हमधून मी तो काढला. माझ्याकडचा नाही काढला. कॅमेरा माझ्या पोटाशी उलटा होता, पण चालू होता. चित्रात मंडप उलटा लोंबतो, माणसं छताला पाय लावून उभी असल्यासारखी दिसतात, आणि मग लुगड्याचा काठ दिसतो आणि काठीचं टोक. बाकी काही नाही. आवाज मात्र स्पष्ट आहे.

सुमन म्हणते, सरळ करून घ्या की तो. मी केलेला नाही. कधीमधी दुकानात कुणी नसलं की तेवढाच तुकडा लावतो. "तो बी पीत नव्हता का?" बापाला आयुष्यभर लोकांनी सांगितलं की तू पितोस. विचारलं कुणीच नाही. नुसतं विचारलं असतं, तरी त्यानं काडी खाली ठेवून "नाही" म्हटलं असतं.